गुरुवारी भरलेलं, शुक्रवारी उसवलेलं

मित्रांनो, कोपऱ्यात उभी असलेली मी तुम्हाला दिसले, तर खाटेचा मोडका तुकडा समजून तुम्ही पुढे निघून जाल. त्यात तुमची चूक नाही. मला घडवणाऱ्या सुतारालाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं. मी भरतकामाची जुनी चौकट आहे. वर एक दांडा, खाली एक दांडा, बाजूला दोन पट्ट्या, चार पितळी नट आणि उभं राहायला दोन पाय, एवढाच माझा संसार. जाळीदार कॅनव्हास दोन्ही दांड्यांमध्ये ताणून बसवायचा आणि त्याच्या एकेका भोकातून बोथट सुईने रंगीत लोकर ओढत चित्र भरायचं, यासाठी माझा जन्म झाला.

माझं चित्र कागदावर काढून एक तरुण मुलगी सुताराकडे आली, तेव्हा तो डोकं खाजवत म्हणाला, "बाई, खाट म्हणावी तर ही आखूड, पाळणा म्हणावा तर उघडा. हिच्यावर झोपणार कोण?"

"कुणी झोपणार नाही. फक्त सुई चालणार आहे," ती म्हणाली.

सुतार मनातून हसला असेल, पण काम त्याने मन लावून केलं. लोकर कुठे अडकू नये म्हणून माझी एकेक कड त्याने गालासारखी गुळगुळीत केली.

ती मुलगी टेलिफोन एक्सचेंजमध्ये काम करायची. दिवसभर कानाला हेडफोन लावून 'हॅलो, हॅलो' म्हणत दुसऱ्यांचं बोलणं जोडून द्यायची. म्हणून तिला सगळे हॅलोताई म्हणत. घरी आली की तिला आवाज नको असे. पाय धुऊन, चहाचा कप खिडकीत ठेवून ती माझ्यासमोर बसायची. मग आमच्या दोघींत एकच बोलणं चालायचं: सुई खाली जाताना 'टुप्' आणि लोकर वर येताना 'सर्र'. खुर्च्यांच्या बैठका, उशांचे अभ्रे, भावाच्या लग्नासाठी बोराएवढ्या गुलाबांची चौकोनी तसबीर, सगळं माझ्या अंगावर भरलं गेलं.

वरच्या मजल्यावर एक नर्स राहायची. एके संध्याकाळी ड्यूटीवरून आली, सुजलेले पाय पुढे पसरून माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "दिवसभर डॉक्टर टाके घालतात आणि माणसं ओरडतात. मला हे न ओरडणारे टाके शिकव बाई." त्या दिवसापासून ती माझीही सिस्टर झाली. दोघी एका कपातला चहा दोन बशांत ओतून पीत. एकीला ताप आला तर दुसरी तिची लोकर गुंडाळून ठेवी. हॅलोताईचा नवरा गेला, तेव्हा तेराव्यानंतर माझ्यासमोर तिला हाताला धरून आणून बसवलं ते सिस्टरनेच. "रडायचं तर रड, पण हात चालू ठेव," असं ती म्हणाली होती.

दोघींच्या चार झाल्या, चारांच्या आठ. बेकरीवालीने आपल्या दुकानावरची खोली दिली आणि हॅलोताईने मला तिकडे हलवलं. खाली भट्टी असल्यामुळे त्या खोलीची फरशी कायम कोमट असे आणि लोकरीलासुद्धा पावाचा वास येई. दर गुरुवारी दुपारी गट जमायचा. त्यात एक निवृत्त बस कंडक्टरही होते, गटातले एकटेच पुरुष. कुणी खिडकीतला उजेड अडवला की ते सवयीने ओरडत, "पुढे सरका, पुढे सरका, पुढे जागा आहे!" सगळ्यांना पहिला टाका घालायला शिकवलं ते हॅलोताईने. प्रदर्शनात आमच्या गटाच्या कामासमोर लोक थांबत, नको म्हटलं तरी बोट लावून बघत. तेव्हा मी रिकामी असूनही ताठ उभी राहायची, मित्रांनो. आपलं नाव कुणी घेतलं नाही तरी आपला वाटा आपल्याला माहीत असतोच की.

मग हॅलोताईचा हात थरथरायला लागला.

आधी फक्त कप वाजायचा बशीत. नंतर सुई भोक सोडून शेजारच्या भोकात जाऊ लागली. डॉक्टरांनी औषध दिलं. त्याच सुमारास गावातल्या वाचनालयाने मुलांच्या खोलीसाठी भिंतीवर लावायला मोठं चित्र मागितलं. एक मोठं झाड, त्यावर पाखरं, खाली तळं आणि तळ्यात बदकं. चित्र हॅलोताईनेच आखलं, कॅनव्हास माझ्यावर चढला आणि प्रत्येकाने एकेक भाग वाटून घेतला. तळं आणि बदकं हॅलोताईकडे आली.

पहिल्या गुरुवारी तिने निळ्या पाण्याचा वीतभर तुकडा भरला. टाके कुठे सैल, कुठे घट्ट, कुठे दोन भोकं ओलांडून गेलेले. तिलाही ते जाणवत होतं. "जरा वेडंवाकडंच होतंय," असं पुटपुटत ती घरी गेली.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुकान बंद असताना दोन जणी जिना चढून वर आल्या. बेकरीवाली आणि सिस्टर.

"हे असं लावायचं भिंतीवर?" बेकरीवाली म्हणाली. "पण ताईंना सांगणार कोण?"

"सांगायचं नाही. मन मोडेल तिचं," सिस्टर म्हणाली. "मी बघते काय ते."

तिने कात्री घेतली. एकेक टाका उचलून कापला, चिमट्याने ओढून काढला. हॅलोताईने दुपारभर घाम गाळून भरलेलं तळं निळ्या काडीकचऱ्यासारखं माझ्या पायाशी पडलं. मग सिस्टरने तिथेच, तेवढंच तळं पुन्हा भरलं. सुबक, एकसारखं. मित्रांनो, मला तोंड नाही. कॅनव्हास ताणून धरायचा एवढंच मला येतं.

पुढच्या गुरुवारी हॅलोताईने चष्मा लावून तळ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा उजळला. "अगं, मला वाटलं होतं तेवढं काही वाईट झालेलं नाही!"

"मी म्हटलं नव्हतं?" सिस्टर म्हणाली.

असं दर आठवड्याला होऊ लागलं. गुरुवारी भरायचं, शुक्रवारी उसवायचं. हॅलोताई जिना चढून यायची ती आता हसतच. एका दुपारी तिने सुई थांबवली आणि हलक्या आवाजात सिस्टरला सांगितलं, "औषध लागू पडतंय गं बहुतेक. घरी कप अजून वाजतो, पण इथे हात ऐकतो माझं."

सिस्टरने मान वर केली नाही. "पडतंयच तर," ती म्हणाली.

त्या दिवशी माझे नट कुणी सोडले असते, तर मी आनंदाने कोसळले असते.

चित्र पुरं झालं. मागून अस्तर लावण्यासाठी कॅनव्हास माझ्यावरून उतरवायचा होता. बेकरीवालीच्या मनात ते काम हॅलोताई नसतानाच उरकायचं होतं, पण अस्तराचं कापड नेमकं गुरुवारी आलं. सगळे जमले होते. "चौकट माझी, नट मीच सोडणार," म्हणत हॅलोताई पुढे झाली. कॅनव्हास टेबलावर पालथा पसरला गेला.

भरतकामाची पुढची बाजू सगळ्यांची सारखी दिसू शकते, पण मागची बाजू म्हणजे ज्याचं त्याचं अक्षर. हॅलोताई लोकरीला कधी गाठ मारत नसे. टोक टाक्यांखाली दाबून पुढे जाई. सिस्टर मात्र सुरुवातीला दुहेरी गाठ मारायची, बँडेज बांधल्यासारखी. कितीदा सांगून तिची ती खोड गेली नव्हती. आता तळ्याच्या आणि बदकांच्या मागे गाठीच गाठी होत्या.

हॅलोताईने त्यांवरून बोट फिरवलं. एकदा, मग पुन्हा एकदा.

"सिस्टर, ही गाठ कुणाची?"

बेकरीवालीने सिस्टरकडे पाहिलं.

"मी गाठ मारत नाही. हे तळं कुणी भरलंय?"

"अगं, थोडंसं नीट केलं गं. एखाद-दुसरा टाका..."

"यात माझा एक टाका दाखव. एकच दाखव."

बेकरीवाली मध्ये पडली, "ताई, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून केलं हो. आम्ही काय परक्या आहोत?"

"परक्यांनी केलं असतं तर मला काही वाटलंही नसतं," हॅलोताई म्हणाली. मग ती सिस्टरकडे वळली. "मी तुला सांगितलं, औषध लागू पडतंय. तू काय म्हणालीस? नर्स ना तू? मी तुझ्या शब्दावर डॉक्टरांना सांगून आले, की मला बरं वाटतंय."

सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी येऊ लागलं.

"हात जातोय हे मला कळत नव्हतं का? तू सांगायचंस ना, की आता नाही जमत तुला. मी रंग जुळवून दिले असते, तुमच्या चुका काढत बसले असते. तुम्ही मला लिंबूटिंबू केलंत गं! मुलंसुद्धा खेळ सुरू व्हायच्या आधी सांगतात, की हा लिंबूटिंबू आहे म्हणून. तुम्ही मला खेळ चालू आहे असंच वाटू दिलंत."

मग हॅलोताईनेच डोळे पुसले आणि ती शांतपणे म्हणाली, "बरं. झालं ते झालं. हे कडेचं एक बदक उसवून द्या. मी आत्ता तुमच्यासमोर भरते. जसं होईल तसं. तेवढं राहू द्या."

"भरू दे की तिला," कंडक्टरकाका लगेच म्हणाले. "एका बदकाने काय होतंय?"

बेकरीवालीने ओठ चावला. "काका, उद्घाटनाला सगळं गाव येणार. फोटो निघणार. आणि ताई, तुमचं नाव चित्राखालच्या पाटीवर सगळ्यात वर घातलंय आम्ही!"

हॅलोताईने तिच्याकडे पाहिलंच नाही. ती सिस्टरकडे पाहत होती. सगळे वाट पाहत होते ती सिस्टरच्या शब्दाची. सिस्टरने खाली पाहिलं, अस्तराच्या कापडाची घडी उलगडली, पुन्हा घातली.

उसवलेल्या टाक्यांपेक्षा ते गप्प राहणं हॅलोताईला जास्त लागलं, हे मी तिच्या चेहऱ्यावर पाहिलं. तिने चष्म्याचं घर उचललं, आपली कात्री पिशवीत टाकली आणि दाराकडे निघाली.

"ताई, तुमची चौकट?" बेकरीवालीने विचारलं.

तिने वळून माझ्याकडे पाहिलं. ज्या नजरेने सिस्टरकडे पाहिलं होतं, त्याच नजरेने. "असू दे तिथेच," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मित्रांनो, मीही आता तिची उरले नव्हते. तिचं तळं उसवलं जात असताना मी ते घट्ट धरून उभी होते. तिच्या दृष्टीने मीही त्यांच्यातलीच.

चित्र वाचनालयात लागलं. उद्घाटनाला हॅलोताई गेली नाही. नंतर गुरुवारची खोली हळूहळू ओस पडली. माझ्यावर ओल्या छत्र्या टांगल्या गेल्या, बेकरीतले ॲप्रन वाळत पडले. एक नट हरवला, तिथे कुणीतरी सुतळी गुंडाळली. एकदा सिस्टर येऊन बेकरीवालीजवळ बसली आणि म्हणाली, "गेले होते तिच्याकडे. दार उघडलं, चहा केला. मला विचारते, साखर किती घालू? मला विचारते!"

मग बेकरीवालीला मैद्याच्या पोत्यांसाठी खोली हवी झाली. अडगळीबरोबर मीही भंगारात जाणार होते. हे कळलं तशी सिस्टर आली, मला टॅक्सीच्या टपावर बांधलं आणि हॅलोताईच्या दारात नेऊन उभं केलं.

"तुझी आहे. ठेवून घे," सिस्टर म्हणाली.

"माझीच आहे. आत आण."

हॅलोताईने ओल्या फडक्याने मला पुसलं, सुतळी काढून टाकली आणि ट्रंकेतून एक जुना नट शोधून काढला. तो बसवताना तिचा हात इतका थरथरत होता, की नट दोनदा खाली पडून पलंगाखाली गेला. सिस्टरने न राहवून हात पुढे केला.

"हात मागे घे," हॅलोताई म्हणाली. सिस्टरने घेतला. नट बसायला खूप वेळ लागला, पण तो बसला.

आता माझ्यावर मोठ्या भोकांचा कॅनव्हास आहे आणि दोरीएवढी जाड लोकर. हॅलोताई साधे पट्टे भरते, पाय ठेवायच्या स्टुलासाठी. परवा सिस्टर शेजारी बसून पाहत होती. "छान..." एवढं तिच्या तोंडून निघालं आणि ती थांबली. मग घसा साफ करून म्हणाली, "हा हिरवा पट्टा वर चढलाय."

"दिसतंय मला," हॅलोताई म्हणाली आणि तसाच पुढे भरत राहिली.

दोघींत पुन्हा पूर्वीसारखं झालं का, असं तुम्ही विचाराल. नाही झालं. निघताना सिस्टरने भीत भीत विचारलं, "उद्या येऊ?" हॅलोताई सुईवरची नजर न काढता म्हणाली, "ये. बसायला ये. मदतीला येऊ नकोस."

मित्रांनो, मी लाकूड आहे, मला पुष्कळ गोष्टी कळत नाहीत. पण एवढं मात्र मी जवळून पाहिलं आहे. तुमच्या घरातही कुणाचा तरी हात थरथरत असेल, कुणाची रांगोळी, कुणाची पोळी, कुणाचं अक्षर वाकडं होऊ लागलं असेल. त्यांच्या हातातलं काम काढून घेऊ नका. आणि घ्यावंच लागलं, तर त्यांच्या डोळ्यांदेखत घ्या, सांगून घ्या.