एकटीचं तिकीट

चप्पल ओली होती. लहान पोराची, निळ्या पट्ट्याची, टाचेकडे झिजून पातळ झालेली, आणि अंगठ्याच्या जागी काहीतरी गुलाबी चिकटलेलं – बुढ्ढी के बाल, बहुतेक, थुंकीत विरघळून परत वाळलेले. मथुरेने ती दोन बोटांच्या चिमटीत धरली होती. दुसऱ्या हातात तिची जोडीची, शिवाय त्याच्या आईच्या दोन, आणि कोपराला त्यांचीच एक पिशवी. हे सगळं आपल्याकडे आलं कधी? आकाशपाळणेवाल्याने चपला खाली काढून बसा म्हणून दटावलं – काल कुणाच्या तरी डोक्यात पडली होती म्हणे – तशी ती बाई वळली, “मावशी, वाईच धरा हां, आमी आत्ता येताव,” म्हणाली आणि नवऱ्यामागून पोराला खेचत गेलीसुद्धा. ओळख ना पाळख. आणि मी हात पुढे केले. तिने सांगायच्या आधीच केले... शी!

मांडवीच्या वाळूत हा आनंदमेळा लागून पंधरा दिवस झाले होते. जनरेटरचा धूर, भज्यांचं करपलेलं तेल, बंदराकडून येणारा सुक्या मासळीचा वास, आणि त्यात ही माणसं – खाणारी, ओरडणारी, पोरांची नाकं पदराला पुसून तोच पदर तोंडाला लावणारी. मथुरेला मळमळत होतं. मंगळवार, टेलिफोन कचेरीतली तिची सुट्टी. सकाळी चहा घेताना तिने सगळं नीट तोलून पाहिलं होतं. एकटीने जाण्यात सुखच सुख. वाटेत कुणाला लघवीला लागत नाही, कुणी रुसत नाही, हवं तिथे हवं तितकं थांबावं, कंटाळा आला की निघावं. तोटे किरकोळ. पिशवी धरायला कुणी नसतं. किंकाळी फोडली तर ऐकायला कुणी नसतं. लोक बघतात... बघेनात! पण आरसेमहालात ती दोन मिनिटं उभी राहिली, आरशातल्या स्वतःच्या आखूड, पसरट ध्यानाकडे पाहून तिला हसू फुटणार, तोच मागून कुणीतरी म्हणालं, “बाईंचे मालक हरवलेत वाटतं,” आणि सगळे हसले. किळस आली ती त्या माणसाची नव्हे, आपण घाईने बाहेर आलो त्याची.

पाचच्या एसटीने भावोजी येणार होते. चिपळूणहून, मथुरेच्या बदलीचा अर्ज टाईप करून घेऊन. त्यांच्या बायकोचं, म्हणजे धाकट्या बहिणीचं, मालनचं पत्र गेल्या आठवड्यात आलं होतं. सासूबाई अंथरुणाला खिळल्यात, सगळं जागेवरच करावं लागतं, माझ्या एकटीच्याने होत नाही. तू चिपळूणच्या कचेरीत बदली मागून घे, आमच्याकडेच राहा. तुझं काय, एकटा जीव सदाशिव!

सदाशिव. मथुरेने ते पत्र चार वेळा वाचलं आणि चारही वेळा तिला त्यातून डेटॉल आणि मुताचा वास आला. उत्तर मात्र पहिल्याच वाचनाला तयार होतं. तयार कसलं, पस्तीस वर्षं तयार होतं. मी तुमच्या चपला सांभाळल्या, आता पुरे. चिपळूणच्या जत्रेत ती नऊ वर्षांची, मालन सहाची. मालन वडिलांना, आप्पांना बिलगून लाकडी पाळण्यात वर चाललेली, आणि खाली मथुरा, छातीशी दोघांच्या चपला धरून... बहिणींचं कुठलंही भांडण फिरून फिरून इथेच यायचं.

आज पाळण्यात बसायचं, उतरायचं, घरी जाऊन भावोजींच्या समोर चहा ठेवायचा आणि नाही म्हणायचं. एवढ्यासाठी तर ती आली होती.

तिने त्यांची पिशवी आणि चपला वाळूत ठेवून दिल्या, शेजारी स्वतःच्याही काढल्या. मागे न बघता तिकीट काढलं आणि रांगेत शिरली.

“एकट्याच?” पाळणेवाला म्हणाला. “एकट्याला नाय बसवत, बाई. पाळणा कलतो. जोडीला कोन हाय?”

रांग थांबली. लोक बघायला लागले. म्हणजे इथेही... तेवढ्यात मागून बुरखा वर सारलेली एक बाई पुढे आली. पंचविशीची, हातावर मेंदीची पुसट नक्षी. “मी पन एकटीच हाय. चला बाई, दोघी बसू.” हाजरा तिचं नाव. नवरा दोहाला, सासू झोपली म्हणून निसटून आलेली. हे तिने पाळणा हलायच्या आधीच सांगून टाकलं. तिचा गरम, ओलसर दंड मथुरेच्या दंडाला चिकटला. मथुरा आकसून बसली.

पाळणा वर गेला. समुद्र दिसला, माणसं बारीक झाली, वास खाली राहिले – किती बरं! – आणि मग वरून खाली येताना तिच्या पोटातला गोळा निसटला, आणि हा गोळा, हा असाच निसटणारा गोळा तिच्या ओळखीचा होता. कुठला? आपण तर कधी पाळण्यात...

“मला नको. मला उतरवा!” ती ओरडली.

“घाबरलाव?” हाजरा हसत होती.

मला नको. हेच शब्द. आप्पांच्या हातात तिकिटं तीन होती. घामाने एकमेकांना चिकटलेली तीन. “चल गो मथू,” आप्पा म्हणाले, एकदा नाही, तीनदा. आणि खाली येणाऱ्या पाळण्याकडे नुसतं बघूनच पोटात गोळा आलेली मथुरा खांबाला मिठी मारून, “मला नको, मी चपला सांभाळते”... कुणी सांगितलं नव्हतं. कुणी अडवलं नव्हतं. घरी आल्यावर आप्पा शेजाऱ्यांना म्हणाले, मोठी फार समजूतदार हो आमची. तो शब्द आपण पस्तीस वर्षं चघळला. चोथा झाला तरी थुंकला नाही, उलट मालनच्या तोंडावर...

आता मळमळ खरीच वर आली, आणि ती भज्यांची नव्हती, बाहेरच्या कशाचीच नव्हती. पाळणा थांबला तेव्हा तिने हाजराचा हात घट्ट धरलेला होता. “परत बसता?” हाजराने विचारलं. मथुरेने मान हलवली, हो की नाही ते तिचं तिलाच कळलं नाही.

आपल्या चपला पायात घालून ती वाळूतून चालू लागली. साडेचार वाजून गेले होते. भावोजींना काय सांगायचं? मालनने आपलं काही हिरावलं नव्हतं. त्या घराकडून काही येणं नव्हतं. नाही म्हणायला आता एकही कारण उरलं नव्हतं. आणि तरी तिला जायचं नव्हतं. नव्हतंच जायचं. एवढी स्वार्थी, एवढी उघडी इच्छा तिने आजवर स्वतःत कधी पाहिली नव्हती, आणि तिची किळस येत असूनही ती तिला त्या चपलांसारखी खाली ठेववत नव्हती.