मास्तरची महिनाभराची नोकरी

आमचे हे एस.टी.त तीस वर्षं कंडक्टर होते. निवृत्त झाले आणि सहा महिने ओट्यावर खुर्ची टाकून रस्त्यावरच्या गाड्या बघत बसले. कंटाळा आला की आत येऊन माझ्या कामात नाक खुपसायचे. "अवं, पोळी जाड झाली." "अवं, आलू एवढे मोठे काऊन चिरून राहिली?"

अमरावतीत माझी खानावळ आहे. परीक्षांची तयारी करणाऱ्या पोरापोरींच्या खोल्यांवर चाळीस डबे जातात, दोन्ही वेळा. मी आणि मैनाबाई, आम्ही दोघीच ती अकरा वर्षं चालवतो. मे महिन्यात डबे पोचवणाऱ्या माणसाला दुसरीकडे काम लागलं आणि मी अडले.

"अवो," मी यांना म्हटलं, "माह्याकडं कामावर येता काय? पगार देईन. एक महिना बघीन. जमलं तर कायम, नाई तर पुन्हा ओटा."

यांनी चष्मा काढून पुसला. "ड्युटी किती वाजता?"

"सकाळी दहा, संध्याकाळी सात."

"सीनियर कोण?"

"मी!" मैनाबाई कणकेच्या परातीमागून ओरडली. "अकरा वर्साची नोकरी हाय माही."

"बरं बाई," म्हणून यांनी तिला हात जोडले. थट्टा नव्हती ती. दुसऱ्या दिवशी पहाटे पेटीतला खाकी शर्ट काढून इस्त्री करत बसलेले दिसले, तेव्हा मनात आलं, हा माणूस पुन्हा ओट्यावर बसला तर परत उठायचा नाही.

पहिल्याच दिवशी घोळ. दहा वाजले आणि बाहेर स्कूटर सुरू झाल्याचा आवाज आला. मी झारा घेऊन धावले, तोवर हे कोपऱ्यावरून वळलेसुद्धा. एकतीस डबे गेले होते. नऊ रिकामे डबे चुलीजवळ तसेच, कारण भाजी अजून कढईत होती. नऊ पोरांचे फोन आले.

"टायम झाला होता," परत आल्यावर हे म्हणाले. "तीस वर्सात माही गाडी टायमाच्या आंधी सुटली नाई अन् मांगूनबी नाई."

"गाडीत माणसं बसते, अवो! डब्यात भाजी बसते. शिजल्याबिगर कशी बसन?"

मैनाबाई हसता हसता पोळपाटावर वाकली. "वयनी, पयल्याच दिवशी मेमो देता काय देवमनभाऊले?"

यांचा चेहरा मात्र उतरला. नऊ डबे घेऊन पुन्हा गेले आणि त्या नऊ जणांची माफी मागून आले. दुसऱ्या दिवसापासून साडेनऊलाच चुलीजवळ येऊन उभे. "बाई, किती टायम?" दर पाच मिनिटांनी हेच. आमचं डोकं उठलं, पण भाजी दहाच्या आत व्हायला लागली, हेही खरं.

मग गंमत सुरू झाली. डबे थांब्यांच्या क्रमाने लावले जायला लागले. गल्लीत शिरताना हे हाक द्यायचे, "चला, पाण्याची टाकी! उतरा लवकर!" पोरं हसत खाली यायची. त्यांनीच यांचं नाव मास्तर पाडलं, एस.टी.च्या कंडक्टरला म्हणतात तसं. कुणाला पोळी जास्त लागते, कुणाला वांगं चालत नाही, सगळं यांना तोंडपाठ.

महिन्याचा शेवटचा दिवस आला. सकाळचे डबे देऊन आले, जेवले आणि चारला कुठंतरी निघून गेले. सात वाजले. चाळीस डबे भरून तयार. मास्तरचा पत्ता नाही, फोन बंद. सव्वासात.

"आज गाडी फेल," मैनाबाई हळूच म्हणाली.

मी दारात जाऊन रस्ता बघितला. आजच नेमकं? उद्या याच माणसाला मी कोणत्या तोंडाने 'जमलं नाही' म्हणू?

साडेसातला स्कूटर आली. खाकी शर्ट घामाने ओला, हातात फडक्यात बांधलेलं गाठोडं.

"कुठं होते?"

"स्टँडवर. सेमाडोहची गाडी लेट झाली."

मग कळलं. सेमाडोह गावची प्रणाली, टाकीजवळच्या खोलीतली. तिचा डबा तीन दिवस भरलेलाच परत येत होता. मला वाईट वाटेल म्हणून मी बघायच्या आत हे गाईला घालायचे. आज सकाळी विचारलं तर पोरगी म्हणाली, "जेवण बेस हाय काका, पण मले इथं गमतच नाई, घरची याद येते. उद्या घरी चालली मी." बॅगसुद्धा भरली होती तिने. यांनी तिच्या आईला फोन लावला आणि जुन्या ओळखीच्या कंडक्टरला सांगून गाडीवर भाकरी मागवल्या.

"मंग मले सांगाचं नाई?"

"आज मयना भरते ना. तू जाऊ नोका म्हटलं असतं तर? म्हणून फोनबी बंद ठेवला."

मी पदर खोचला आणि स्कूटरवर यांच्या मागे बसले. त्या दिवशी प्रत्येक थांब्यावर आधी शिव्या आणि मग हशा झाला. "मास्तर, गाडी लेट!" "मास्तर, आज तर मालकीणच चेकिंगले!"

प्रणालीने गाठोडं सोडलं. ज्वारीच्या भाकरी, अंबाडीची भाजी, लसणाचा ठेचा. पहिला घास घेतला आणि डोळे पुसत हसली. "काका, मायनं तिखट लय टाकलं." भरलेली बॅग उघडून तिने पुस्तकं बाहेर काढली, तेव्हाच आम्ही निघालो.

घरी आल्यावर हे दारात सरळ उभे राहिले. "अर्धा घंटा लेट. लेखी मेमो दे."

मी कॅलेंडरचं जुनं पान फाडलं. माझं अक्षर मोठं पडतं, वेळही लागतो. लिहिलं, 'देवमन यांना कायम केलं आहे. भागीरथा.'

यांनी ते दोनदा वाचलं, घडी केली आणि खाकी खिशात ठेवलं.

"कायम झालो म्हंजे आता हक्काची रजा आली," म्हणाले.

"सीनियरले इचारा," मी म्हटलं.

आतून मैनाबाईचा आवाज आला, "मंजूर नाई!"