सोनसरितातलं एकमेव कायदेशीर घर

आमच्या घरात देवांच्या तसबिरींशेजारी इमारतीचा मंजूर नकाशा लावलेला आहे. फ्रेम करून. माझ्या नवऱ्याने, ईश्वरने, तो माहितीच्या अधिकारात अर्ज करून मिळवला आणि त्या दिवशी अख्ख्या मजल्याला पेढे वाटले. भाईंदर पूर्वेला, खारी गावाला चिकटून असलेल्या आमच्या सोनसरिता सोसायटीत चौदा फ्लॅट आहेत. त्यातल्या तेरा जणांनी आपापली बाल्कनी सरकत्या काचा बसवून बंद केली. कोणी तिथे स्वयंपाकघर केलं, कोणी देवघर, आणि पहिल्या मजल्यावरच्या एकाने चक्क ब्यूटी पार्लर. चौदावं घर आमचं, ३०२. आमची बाल्कनी अकरा वर्षं उघडी आहे. तिथे कबुतरं मजेत असतात.

ईश्वरचं म्हणणं असं की बाल्कनी बंद करणं म्हणजे मंजूर नकाशाचा भंग, नकाशाचा भंग म्हणजे अनधिकृत बांधकाम, आणि अनधिकृत बांधकाम म्हणजे आज ना उद्या हातोडा. हे सगळं मला तोंडपाठ आहे. इमारत आणि कुंपण यांच्यामध्ये जी मोकळी जागा सोडावी लागते तिला सामासिक अंतर म्हणतात, हेही मला माहीत आहे, कारण त्या जागेत कोणी स्कूटर लावली की ईश्वर खिडकीतून तो शब्द ओरडतो. स्कूटरवाल्यांना वाटतं शिवी दिली.

आता माझं ऐका. आमचं घर म्हणजे एक हॉल, एक बेडरूम आणि स्वयंपाकघर. हॉलमध्ये सासऱ्यांचा टीव्ही, बेडरूममध्ये मुलगा अथर्व आणि त्याचा ऑनलाइन क्लास, स्वयंपाकघरात कुकर. मी आरोग्य विम्याच्या एका कंपनीत ग्राहकांच्या तक्रारी फोनवर ऐकते, आठवड्यातले चार दिवस घरून. त्या मी बाथरूममध्ये बसून ऐकते. बादली पालथी घालायची, त्यावर उशी, मांडीवर लॅपटॉप. गेल्या महिन्यात एका ग्राहकाने माझ्या वरिष्ठांना कळवलं, "मॅडम चांगल्या बोलल्या, पण मागे कोणीतरी सारखं 'स्वप्नाली, किती वेळ' असं विचारत होतं." वरिष्ठांनी मला मुदत दिली: दोन महिन्यांत घरात शांत जागा करा, नाहीतर रोज अंधेरीच्या ऑफिसला या. रोज जाऊन येऊन चार तास. सासऱ्यांचं पथ्य, अथर्वची दहावी. मला ती नोकरी सोडावीच लागली असती. मला एवढंच हवं होतं, दार लावून घेता येईल अशी एक जागा. आणि ती जागा समोर होती, साडेचार फूट रुंद, कबुतरांनी भरलेली.

मी म्हटलं, ईश्वर, बंद करूया बाल्कनी. तो म्हणाला, "स्वप्नाली, भोगवटा दाखल्यात ती उघडी दाखवली आहे." मी म्हटलं, मग मी नोकरी सोडू? तो नकाशाकडे बघत बसला. त्या दिवशी मला तो नकाशा उचलून तिसऱ्या मजल्यावरून खाली टाकावासा वाटला. पण खाली सामासिक अंतर होतं.

अशात बातमी आली. बाजूच्या गल्लीत कुठल्याशा इमारतीच्या सज्जाचा तुकडा पडला, सुदैवाने एका रिकाम्या रिक्षावर. त्यावरून पालिकेने आमच्या भागातल्या सगळ्या इमारती तपासायला काढल्या. सोनसरिताला गुरुवारची तारीख मिळाली. अभियंता येणार, टेप लावून मोजणार, नकाशाशी ताडून बघणार.

सोसायटीची पाचावर धारण बसली. चेअरमन चंदनजींनी जिन्यातच मीटिंग बोलावली, आणि तिथे जी अक्कल निघाली ती फक्त आमच्याच इमारतीत निघू शकते. सरकत्या काचा काय, उचलल्या की निघतात. एका दिवसापुरत्या सगळ्यांनी काढायच्या. बाल्कनीतलं सामान हलवायचं. पॅसेजमधली चपलांची कपाटं, कुंड्या, सगळं. म्हणजे इमारत जशी नकाशात आहे तशी दिसेल. पण ठेवायचं कुठे?

सगळ्यांनी हळूहळू माना वळवून ईश्वरकडे बघितलं.

"ईश्वरभाई का घर तो एकदम कायदेशीर है," चंदनजी म्हणाले. "उधर कौन चेक करेगा?"

"हां ने, त्यांच्याकडे तर काय चूकच नथी," समोरच्या हेमालीबेननी दुजोरा दिला. "भगवानच्या घरात कोण चोरी शोधते?"

ईश्वर म्हणाला, "नाही नाही, हे नियमात बसत नाही." पण त्याचा आवाज नेहमीसारखा नव्हता, जरा पातळ होता. मला वाटलं तत्त्वाचा माणूस आहे, घाबरला असेल. माझ्या मनात मात्र अकरा वर्षांचा राग होता. मी पुढे होऊन म्हटलं, "आणा सगळं. या कायदेशीर घराचा कोणाला तरी उपयोग होऊ दे."

बुधवारी संध्याकाळपर्यंत आमच्या घरात बावन्न काचा आल्या. शिवाय चपलांची नऊ कपाटं, हेमालीबेनचं फरसाण तळायचं यंत्र, ब्यूटी पार्लरची फिरती खुर्ची, दोन संगमरवरी देवळं आणि कोणाचा तरी बंद पडलेला ट्रेडमिल. काचांवर खडूने फ्लॅट नंबर लिहिले होते. घरात चालायला जागाच उरली नाही. सासऱ्यांना टीव्हीसकट हेमालीबेनकडे पाठवलं, अथर्व आनंदाने मित्राकडे राहायला गेला. बाल्कनीत मात्र ईश्वरने काही ठेवू दिलं नाही. "बाल्कनीवर वजन नको," एवढंच म्हणाला.

गुरुवारी सकाळी मी रजा टाकली, कारण बाथरूममध्ये ट्रेडमिल होता. बसायला एकच मोकळी जागा होती, बाल्कनी. तिथे खुर्ची टाकून मी मटार सोलायला घेतले. ईश्वर बाहेर जिन्यात पाहुण्यांच्या स्वागताला उभा होता. मला सगळं ऐकू येत होतं.

अभियंता म्हणजे एक मुलगीच होती, मनाली नावाची, हातात फाईल आणि चेहऱ्यावर अजिबात हसू नाही. बरोबर मोजणीला बाळा म्हात्रे, खारी गावातलाच माणूस, पन्नाशीचा, टेप खांद्यावर टाकलेली. ते एकेक घर बघत वर येत होते. काचा नव्हत्या, पण काचा सरकवायच्या ॲल्युमिनियमच्या पट्ट्या जागच्या जागी होत्या. त्या काढायचं कोणालाच सुचलं नव्हतं.

"या पट्ट्या कशाच्या?" मनालीचा आवाज.

"डिझाइन है मॅडम," चंदनजी.

"आणि बाल्कनीत एक्झॉस्ट फॅन?"

"हवा के लिए."

"उघड्या बाल्कनीत?"

मग हेमालीबेनच्या बाल्कनीत ओटा, नळ आणि गॅसची नळी सापडली. त्या म्हणाल्या की त्या तिथे तुळशीला पाणी घालतात. मनालीने विचारलं, गॅसवर?

आता मनाली चिडली, हे मला भिंतीपलीकडूनही कळलं. "तुमच्या इमारतीत एक तरी घर नकाशाप्रमाणे आहे का?"

आणि चंदनजींनी, अकरा वर्षांच्या सवयीने, छाती फुगवून सांगितलं, "है ना मॅडम! तीनसौ दो! ईश्वरभाई का घर देखो, एकदम मॉडेल है!"

मग जिन्यात जी शांतता पसरली तशी शांतता मला कामासाठी मिळाली असती तर मी ऑफिसात बढती घेतली असती. चंदनजींनी जीभ चावली असणार. ईश्वर घाईघाईने म्हणाला, "आमचं बघायची गरज नाही. जसंच्या तसं आहे." असं म्हटल्यावर कुठला सरकारी माणूस परत जातो?

दार अर्धं उघडलं आणि चपलांच्या कपाटाला अडकलं. फटीतून मनालीचं डोकं आत आलं. तिने बावन्न काचा बघितल्या, खडूचे नंबर वाचले, १०१, १०२, २०४, आणि तिला सगळं समजलं. मी लांबून, काचांच्या पलीकडून, मटाराची शेंग हातात धरून म्हटलं, "नमस्कार. चहा केला असता, पण स्वयंपाकघरात देऊळ आहे."

"तुम्ही तिथे कशा पोचलात?"

"सकाळी आले. आता परत कशी येऊ ते माहीत नाही."

बाळा म्हात्रे मात्र खुशीत होता. तो आडवा होऊन, काचांना पाठ घासत, पोट आत ओढत, बाथरूमच्या दारातून बाहेर आलेला ट्रेडमिलचा दांडा ओलांडून माझ्यापर्यंत येऊन पोचला. बाल्कनीत उभा राहून त्याने खाली बघितलं आणि हसला. "मॅडम, हितं आमच्या आज्याचं मिठागर व्हतं. ही बिल्डिंग उभी राहताना मी रोज बघाया यायचो. पयल्यांदा ह्या गॅलऱ्या नव्हत्याच."

"नव्हत्या म्हणजे?" मनालीने दारातूनच विचारलं.

"न्हाय मंजे न्हाय. बिल्डरनं मागून वाढवल्या. गिऱ्हाईक आलं का गॅलरी कुटं म्हून इचारायचं, तवा काढल्या."

मनालीने मान वर केली. दाराजवळच्या भिंतीवर देव होते आणि देवांशेजारी आमचा नकाशा. तिच्या फाईलमधली प्रत पुसट झेरॉक्स होती, म्हणून तिने मोबाइलचा दिवा लावून तो नीट बघितला. बोटाने एक रेघ दाखवली. "इथे नुसता छज्जा दाखवला आहे. खिडकीवर पाऊस येऊ नये म्हणून असतो तसा, दोन फुटांचा. बाळा, काय भरतं?"

बाळाने माझ्या खुर्चीखालून टेप ओढली. "साडेचार."

"ताई," मनाली मला म्हणाली, "तुम्ही सावकाश उठा. तुम्ही अनधिकृत बांधकामावर बसला आहात."

मी ईश्वरकडे बघितलं. दाराच्या फटीत मनालीच्या डोक्याच्या वर त्याचं डोकं होतं. मला वाटलं होतं तो कोसळेल. अकरा वर्षं ज्या नकाशाची पूजा केली त्याने असं तोंडघशी पाडलं! पण त्याच्या चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतंच. त्याचे कान लाल झाले होते. कान लाल होतात ते तो खोटं बोलताना, हे मला लग्नाच्या पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.

"तुला माहीत होतं," मी म्हटलं.

"पहिल्याच वर्षी मोजली," तो म्हणाला. बावन्न काचांच्या पलीकडून, सगळ्या सोसायटीसमोर. "नकाशा मिळाला त्याच दिवशी."

"पेढे वाटलेस तू!"

"पेढे आधीच आणले होते." त्याने खाली बघितलं. "बंद करायची परवानगी मागितली असती तर ते आधी मोजायला आले असते. मग उघडी होती तीही गेली असती. सगळ्यांचीच गेली असती. म्हणून म्हटलं, आपण मुळी हातच लावायचा नाही, आणि कोणाला लावू द्यायचा नाही. तुला सांगितलं असतं तर तू इथे एक दिवस शांत बसली नसतीस."

मी मटाराचं भांडं त्याच्या दिशेने भिरकावलं. काचांमुळे ते पोचलं नाही, दाणे तेवढे सगळीकडे उडाले. मला भयंकर राग आला होता. बाथरूममधल्या बादलीवर मी दोन वर्षं बसले, आणि हा माणूस ज्याला तत्त्व म्हणत होता ती नुसती भीती होती. पण खरं सांगते, बरंही वाटलं. तत्त्वाशी भांडता येत नाही. घाबरलेल्या नवऱ्याशी येतं.

मनालीने तिथेच, जिन्यात उभं राहून निकाल दिला. चौदाही बाल्कन्या नकाशाबाहेरच्या. बिल्डर कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही, तेव्हा जबाबदारी राहणाऱ्यांची. महिन्याभरात एक तर पाडा, नाहीतर सगळ्यांनी मिळून बांधकाम नियमित करून घ्यायचा अर्ज करा: मजबुतीची तपासणी, दंड, आणि नवा नकाशा, ज्यात प्रत्येकाने आपल्याला तिथे काय हवं आहे ते खरं दाखवायचं. "मंजूर होईलच असं मी सांगत नाही," ती म्हणाली. "पण लपवलंत तर होणार नाही, हे नक्की सांगते."

काचा परत न्यायला दोन दिवस लागले. मटाराचे दाणे अजून सापडतात.

अर्जाचा कच्चा नकाशा काढायचं काम अर्थातच ईश्वरकडे आलं, कारण इमारतीत सरकारी मराठी कळणारा तो एकटाच. रविवारी सकाळी तो जेवणाच्या टेबलावर मोठा कागद पसरून बसला. एकेक जण येऊन आपलं सांगून गेला. हेमालीबेन म्हणाल्या, "रसोडं लिहा, खरंखरं." पार्लरवाल्याने बराच वेळ डोकं खाजवलं आणि शेवटी पार्लर सोडून देवघर लिहायला सांगितलं.

सगळे गेल्यावर ३०२ चा चौकोन राहिला. ईश्वरने पेन्सिल थांबवली. "काय लिहू?"

"खोली," मी म्हटलं.

त्याने लिहिलं, खोली. मग पट्टी लावून भिंत काढली, त्यात खिडकी काढली, आणि दार उघडतं कसं ते दाखवायला असते ती पाव गोलाची रेघ काढली. खूप सावकाश काढत होता. मी त्याच्या खांद्यामागे उभी होते.

"आतून कडी कुठे आहे?"

"नकाशात कडी दाखवत नाहीत गं."

"दाखव."

त्याने वर बघितलं. नियम सांगायला तोंड उघडलं, मिटलं. मग पेन्सिलीला टोक केलं आणि दाराच्या आतल्या बाजूला एक बारीकशी कडी काढली, लागलेली.