आनंदाच्या मोरीतल्या मुंग्या

सत्त्याण्णव सालची गोष्ट. ठाण्याच्या कोळीवाड्यात आमच्या दारी एवढी गर्दी, की तिथेच माझी मासळीची पाटी मांडली असती तर घटकेत सगळी खपली असती. पण लोक आले होते मुंग्या बघायला.

"बघा!" गोमाजी भगत मोरीकडे बोट दाखवून ओरडला. "आनंदाच्या लघवीला मुंग्या! खाडीची देवी आल्येय अंगात. कळशी कळशी पाणी पिते. अमृत आहे हे! मुंगीला कळलं, माणसाला कळत नाही!"

आनंदा माझा धाकटा लेक. दोन वर्षांमागे त्याच्या कानात नसलेली माणसं बोलायची. मनाच्या डॉक्टरांच्या गोळ्यांनी तो सावरला, पुन्हा जाळी विणायला लागला. मग महिनाभर नुसती तहान, सारखी लघवी, अंग उतरलेलं. भगत म्हणाला, "गोळ्या खाडीत सोड. देवीला सरबत पाज." गोळ्या मी सोडल्या नाहीत, पण बाया साखरेचं सरबत तांबे भरभरून आणीत. आनंदा प्यायला की आणखी तहान. तहान वाढली की भगत आणखी जोरात घुमे. पोरगं मात्र आता उठून बसत नव्हतं.

मी दुसरी नापास. पण कल्ला उघडून बघितल्याशिवाय मासा ताजा म्हणत नाही. आनंदाची लघवी बाटलीत भरली नि भगतापुढे धरली.

"अमृत ना? मग पहिला घोट तुमचा."

"माझा... आज उपास आहे."

"अहो, अमृतानं कुठं उपास मोडतो?"

"गो चंद्रभागे, पेला आणू का त्यांना?" शेजारची जनाबाई म्हणाली. गर्दी खदखदली.

आनंदाला रिक्षात घातलं, बाटली घेतली, नौपाड्यातला दवाखाना गाठून सगळं सांगितलं. डॉक्टरीणबाईंनी नळीत निळं औषध उकळलं, लघवीचे थेंब टाकून पुन्हा उकळलं. निळ्याचं विटेसारखं लाल झालं.

"लघवीत साखर उतरतेय, मावशी. मुंग्या तिच्यावर आल्या. मनाच्या आजाराच्या काही गोळ्यांनी रक्तातली साखर वाढते. त्यात तुमचं सरबत! अजून उशीर केला असता तर पोरगा हाती लागला नसता."

"मग गोळ्या सोडू खाडीत?"

"मुळीच नाही! ते आवाज परत येतील. गोळी बदलायची की साखरेचं औषध जोडायचं, त्याच्या डॉक्टरांशी मी बोलते. आधी इस्पितळात भरती करा."

आठवड्यानं आनंदा घरी चालत आला. भगत म्हणाला, "देवी रागावून गेली."

"गेली नाही," मी म्हटलं, "इन्सुलिन घेऊन निजलीय."

बायांनो, मनाच्या गोळ्या घेणाऱ्याची साखर अधूनमधून तपासून घ्या. तहान वाढली तर नैवेद्य नको, डॉक्टर गाठा. आणि गोळ्या आपल्या मनानं बंद करू नका. भगताला काही विचारायचंच असेल, तर त्याच्या स्वतःच्या पोराला ताप आला की तो कुठे नेतो, तेवढं विचारा.