पुस्तकाचे चार तुकडे

पुस्तक उशीएवढं जाड, आणि प्रत एकच. भांडवल कुणाचं ऐकतं, फॅसिझम घरात कसा शिरतो, सत्ता कुणाच्या जिवावर चालते, सगळं एकाच पुठ्ठ्यात. वाचणारे मात्र चौघं. तेव्हा बाइंडिंग करणाऱ्या वहिनींनी सुरी घेऊन पुस्तकाचा कणा उसवला, चार भाग पाडले आणि प्रत्येकाला वेगळा पुठ्ठा चढवला. दर पंधरवड्याला अदलाबदल करायची असं ठरलं.

औषधवाल्यांना भांडवल मिळालं, गणिताच्या बाईंना फॅसिझम आणि वहिनींच्या दिराला, म्हणजे बस चालवणाऱ्या भाऊजींना, सत्ता. मागच्या टिपा आणि सूची तेवढी वहिनींना. उरलंसुरलं घरच्या बाईला, हा नियम पुस्तकालाही लागू पडला. अदलाबदल काही झाली नाही. ‘खुणा करायच्या राहिल्यात’ म्हणत जो तो आपला भाग काखेत धरून बसला.

ही मंडळी शनिवारी संध्याकाळी इमारतीच्या तळमजल्यावरच्या वाचनखोलीत जमत. एरवी आठवडाभर तिथे वहिनींचे सासरे बसत आणि सकाळचा पेपर संध्याकाळपर्यंत पुरवत. वहिनींचं घर दोन खोल्यांचं, त्यातल्या एकीत बाइंडिंगचं टेबल. मामंजी घरात असले की डिंक पातळ झालाय, दोरा सैल बसलाय, नातजावई नीट पारखून घेतला नाही, असं दिवसभर चाले. वाचनखोली होती म्हणून वहिनींचं डोकं ठिकाणावर होतं.

आणि तीच खोली आता मालकाचा नवा व्यवस्थापक एका पार्सल कंपनीला भाड्याने देऊ पाहत होता. बदल्यात बंद पडलेली लिफ्ट तो चालू करून देणार होता. भाडेकरूंनी रविवारी हात वर करून काय ते ठरवायचं होतं.

"हा साधा जागेच्या भाड्याचा मामला आहे," शनिवारी औषधवाले म्हणाले. "व्यवस्थापक बिचारा पगारी माणूस. त्याच्याशी भांडून काय होणार?"

"बिचारा?" गणिताच्या बाईंनी चष्मा काढला. "सुरुवात अशीच होते. आधी लोकांच्या बसायच्या जागा जातात. उद्या मी उभी राहून इतिहास सांगणार आहे. पहिल्यापासून."

"पहिल्यापासून सांगाल तर हात वर करायच्या वेळी लोक घोरत असतील," औषधवाले म्हणाले.

"मुळात जायचंच कशाला?" भाऊजी म्हणाले. "आपण मान डोलावतो म्हणून सत्ता चालते. मी बहिष्कार टाकणार."

"अहो भाऊजी, तुम्ही घरी बसलात की आपलाच एक हात कमी."

"वहिनी, तुम्ही माझा भाग वाचलेला नाही."

"मग द्या की वाचायला."

"खुणा राहिल्यात."

वहिनींनी कपाळाला हात लावला. "बरं, शेवटी करायचं काय म्हणतोय तो लेखक? बाई, तुमचा भाग कुठे संपतो?"

बाई चष्मा पुसू लागल्या. औषधवाल्यांना एकदम दुकान आठवलं.

"मी भाग जाडी बघून पाडले होते, प्रकरणं बघून नाही," वहिनी म्हणाल्या. "चूक माझीच. तुमचा भाग वाक्याच्या मधेच तुटतो, बाई. औषधवाल्यांचाही. इतक्या दिवसांत पुढचं अर्धं वाक्य मागायला कुणी आलं नाही."

आजवर वहिनींनीही कधी मागितलं नव्हतं. सूची शेवटपर्यंत कुणीच वाचत नाही, एवढीच सबब त्यांच्यापाशी होती, म्हणून त्यांनी विषय ताणला नाही.

रविवारी सकाळी त्यांनी मामंजींचा हात धरला आणि दारोदार निघाल्या.

"खोली जाणार म्हणतात," प्रत्येक दारात त्या गोड आवाजात सांगत. "आमच्याकडे तर जागा नाही. मामंजींना घरोघरी एकेक वार वाटून द्यावा म्हणतेय. तुम्हाला सोमवार चालेल ना?"

मामंजींनी मनापासून साथ दिली. एका घरी पडदे आखूड निघाले, दुसऱ्या घरी सून हळू चालते असं त्यांना वाटलं. चौथ्या मजल्यावरच्या आजींच्या वाट्याला बुधवार आला. त्या लिफ्टसाठी किती दिवस डोळे लावून बसल्या होत्या. त्यांनी मामंजींकडे पाहिलं, मग आपल्या गुडघ्यांकडे. "बुधवार नको गं," एवढंच म्हणाल्या.

सभेत बाईंनी इतिहास सांगितला, व्यवस्थापकाने अदबीने जांभई दाबली, आणि हात मोजले तर खोली वाचली होती.

पुढच्या शनिवारी मंडळी खुशीत. "भाड्याचं गणित फसलं त्यांचं," औषधवाले म्हणाले. "लोकांना इतिहास कळला," बाई म्हणाल्या. "मी गेलो नाही, त्याचाच हा परिणाम," इति भाऊजी. कोपऱ्यातून मामंजी म्हणाले, "हळू बोला, मी वाचतोय."

वहिनींचं मात्र लक्ष नव्हतं. येताना जिन्यात चौथ्या मजल्याच्या आजी कठड्याला धरून दम खात उभ्या होत्या. वहिनींना बघताच त्या बाजूला सरकल्या आणि हसल्या. व्यवस्थापक समोरून आला की भाडेकरू जसे हसतात, अगदी तस्सं.

वहिनींनी आपला तुकडा उघडला आणि सूचीत बोट फिरवलं. ‘धाक’ सापडला. पुढे पानाचा आकडा नव्हता, नुसतं लिहिलं होतं: ‘पाहा, सत्ता’.

"भाऊजी, तुमचा भाग द्या."

भाऊजींनी तो छातीशी धरला. "खुणा राहिल्यात, वहिनी."