गोलात न गेलेला फुटबॉल

पोलादपूरजवळच्या एका गोठ्यात, आढ्याला टांगलेला जो चामड्याचा गोळा दिसतो आहे ना, तो मी बोलतोय. बैल मला हुंगतात, कोंबड्या माझ्यावर बसतात. मी अस्सल विलायती फुटबॉल आहे हे त्यांना कोण सांगणार! आणि आधीच सांगून टाकतो, मी चिडलेला आहे. फुटबॉलचा जन्म गोलात जाण्यासाठी असतो. मी आजवर एकदाही गोलात गेलेलो नाही.

माझा जन्म वेल्स नावाच्या डोंगराळ मुलखातला. तिथल्या एका खेड्यात कोळशाच्या खाणीत राबणाऱ्यांचा एक फुटबॉल क्लब होता. त्यांचं मैदान इतकं उतरतं, की वरच्या बाजूला खेळणाऱ्यांची चैन आणि खालच्यांची दमछाक. अकरा जण एका वेळी जमले असं क्वचितच व्हायचं. कोणी ना कोणी खाणीत असायचाच. तरी पोटाला चिमटा घेऊन त्यांनी मला नवा कोरा विकत आणला. आणि माझा पहिला सामना व्हायच्या आतच मालक-मजुरांचं बिनसलं आणि खाण बंद पडली. खेळाडू पोटासाठी दाही दिशांना पांगले. क्लबच मोडला, तिथे माझी काय कथा!

त्यांच्यातल्या इव्हानने मला बगलेत मारलं आणि तो आगबोटीवर भट्टीत कोळसा टाकायच्या कामाला लागला. अशा रीतीने मी मुंबईला आलो. बोट धक्क्याला लागली की इव्हान मला लाथाडायचा आणि कोळशाच्या पाट्या वाहणारा एक मजूर मला परत लाथाडायचा. हा मजूर म्हणजे मुरारी. दोघांनाही एकमेकांची भाषा येत नव्हती, पण दोघांची तोंडं सारखीच काळी होती. बोट सुटायच्या दिवशी इव्हानने मला त्याच्या पाटीत ठेवलं आणि मागे न बघता शिडी चढून गेला.

शिमग्याला मुरारी बोटीने दासगावला उतरला, तिथून बैलगाडीने पोलादपूरला, तिथून डोंगरातल्या आपल्या वाडीला. दारातच त्याच्या बायकोने, चंद्रभागाने, माझं स्वागत केलं.

"चामडं घरात नको हां! देव हायत आत."

तेव्हापासून मी गोठ्यात.

मुरारीने वाडीत क्लब काढला. क्लब कसला, शिमग्याचं सोंग! सगळे खेळाडू मुंबईला नोकरीला. गणपतीला घरी येत, पण तेव्हा खाचरांत भात उभं. म्हणजे शिमग्याचे दिवस काय ते आमचे. मैदान म्हणजे वाडीतले सगळ्यांत वडीलधारे असलेल्या गोमाजीबाबांची दोन खाचरं. मधला बांध हीच मधली रेघ, आणि बांधाच्या पलीकडचं खाचर अलीकडच्यापेक्षा हातभर खाली. मला वेल्सची आठवण यायची आणि हसावं की रडावं कळायचं नाही. भाताच्या धसकटांनी माझं अंग सोलवटून निघायचं. गोलाच्या जागी दोन दगड. मी दगडाच्या आतून गेलो की बाहेरून, यावरच तंटा व्हायचा. शेवटी गोमाजीबाबा काठी आपटत यायचे आणि म्हणायचे, "व्हता न्हवता त्यो खेळ पुरे झाला!" एकही गोल सर्वांना मान्य झाला नाही. सांगा, माझं डोकं फिरणार नाही तर काय होईल?

मुरारीला मात्र एकच ध्यास होता. महाडला शरद मास्तरांचा संघ होता. मास्तर, पेढीवरची पोरं, कचेरीतले कारकून, सगळे धोतराचा काचा मारून खेळायचे. त्यांना एकदा वाडीत बोलवायचं आणि एक गोल मारायचा. मुंबईच्या धक्क्यावर पाट्या वाहताना तो तेवढाच विचार करायचा म्हणे. पुष्कळ मिनतवाऱ्यांनंतर मास्तरांनी होकार दिला. धुळवडीनंतरचा दिवस ठरला.

या वेळी दगडांवरून तंटा नको म्हणून मुरारीने रानातून ऐनाची लाकडं आणली. दोन खांब पुरले, वर आडवं लाकूड बांधलं. दुसऱ्या टोकालाही तसंच. आपला नवरा घाम गाळून खाचरात काय उभारतो आहे, हे चंद्रभागा बांधावरून बघत होती. तिने जन्मात गोल पाहिला नव्हता. शिमग्यात गावदेवीची पालखी घरोघर फिरते, आणि वाडीत शिरायची तिची वाट त्याच खाचरातून. बाईला वाटलं, धनी पालखीसाठी दरवाजा करतायत. तिचा ऊर भरून आला. पहाटे उठून तिने वाडीकडच्या खांबांना आंब्याचं तोरण बांधलं आणि पुढ्यात रांगोळी काढली. मुरारीने ते पाहिलं आणि त्याला वाटलं, बायकोने आपल्या सामन्यासाठी गोल सजवला. त्याचाही ऊर भरून आला. एकमेकांना दोघांनी काही विचारलं नाही. नवरा-बायकोचं हे असंच असतं.

सामना रंगला. आहाहा, काय ते लाथा मारणं! मुरारी मला घेऊन बांधावरून उडाला, मास्तरांना त्याने चकवलं, दोघा कारकुनांना मागे टाकलं. समोर तोरण, तोरणाखाली महाडचा गोलरक्षक. मी श्वास रोखला.

आणि ढोल वाजला.

पालखी आली! गोलरक्षकाने हात जोडले आणि तो बाजूला झाला. भोई नाचत नाचत पलीकडच्या टोकाच्या खांबांमधून खाचरात शिरले ते तोरण बघून थेट या खांबांमधूनही पार झाले. बायांनी ओवाळलं. दोन्ही संघ धुळीत आडवे पडले. मी एकटा रांगोळीपासून वीतभर अंतरावर पडून होतो. पालखी पुढे गेली आणि मुरारीने पाय उचलला, तोच गोमाजीबाबांची काठी आडवी आली.

"ज्या दारानं आईची पालखी गेली, त्या दारानं चामडं जायाचं नाय."

"बाबा, दार नाय वो, गोल हाय त्यो!"

"व्हता. आता दार झालं."

मुरारीने मास्तरांकडे पाहिलं. मास्तर धोतराची धूळ झटकत म्हणाले, "मुरारीराव, श्रद्धेचा प्रश्न आहे. आपण पुढच्या वर्षी बघू."

पुढचं वर्ष! दार काढणं अशुभ, खेळण्याजोगं दुसरं खाचर नाही. त्या गोलातून दर शिमग्याला पालखी जाऊ लागली, मी सोडून सगळे जाऊ लागले, शेळ्यासुद्धा! मास्तरांची बदली झाली, महाडचा संघ मोडला. आमचेही गडी एकेक करून यायचे बंद झाले. धक्क्यावर गुडघा दुखावला तेव्हा मुरारी कायमचा घरी आला. गोठ्यात येऊन माझ्याकडे बघायचा आणि निघून जायचा. बायकोशी तो त्या विषयावर कधी बोलला नाही, आणि तेच तिला खात होतं.

गेल्या शिमग्याआधी चंद्रभागा स्वतः सहदेव गुरवाकडे गेली. "देवीला कौल लाव," म्हणाली. "दारानं चामडं गेलं तर चालंल का, इचार." गुरवाने देवीला फुलं लावली. उजवं फूल पडलं. देवीची हरकत नव्हती! इतकी वर्षं तिला कोणी विचारलंच नव्हतं. मला रागाने फुटावंसं वाटलं.

मुरारीने मला तोंडाने फुगवलं, नाडी आवळली आणि खाचरात नेऊन ठेवलं. समोर गोल, मोकळा. मार की रे बाबा, मार! पण तो नुसता उभा.

"रिकाम्या गोलात मारून काय करू? समोर कोण नाय. जिंकलं कुनाला म्हनायचं?"

"मी हाय ना," चंद्रभागा म्हणाली. तिने पदर खोचला आणि खांबांमध्ये जाऊन उभी राहिली. "माझ्यापायी गेला तुमचा खेळ. मारा आता."

त्याने हळूच मला ढकललं. तिने पायानेच अडवलं आणि फणकारली, "असा मारत्यात व्हय? मी काय पाव्हनी हाय?"

मग मात्र त्याने मला हाणलं. दुखरा गुडघा, सगळी वर्षं, सगळं त्या लाथेत होतं. मी सुसाट निघालो, खांब दिसले, पलीकडचं आभाळ दिसलं. आणि धप्प! ज्या बाईने मला उंबऱ्याच्या आत घेतलं नाही, तिने मला दोन्ही हातांनी पोटाशी आवळलं आणि मातीत बसकण मारली.

"नाय जाऊ दिला!" ती ओरडली.

मुरारी हसू लागला. हसता हसता बांधावर बसला आणि डोळे पुसू लागला. ती मला सोडायला तयार नव्हती.

आता भात निघालं की रोज संध्याकाळी हाच प्रकार. तो मारतो, ती अडवते आणि दोघं वेड्यासारखी हसतात. त्यांचं भागलं हो, माझं काय? माझी शिवण उसवत चालली आहे. वाचणाऱ्यांनो, तुमच्यापैकी कुणाच्या पायात दम असेल तर एकदा या वाडीला. मला गोलात धाडा. पण सांगून ठेवतो, चांगला जोर लावा. ती बाई सोडत नाही.