हक्काचा ओरडा

"मशीनच खराब आहे, सिस्टर. दोनदा बदलून आणलं, तरी दुपार झाली की बोंबलतंच."

मी दारात चप्पल काढत होते, तेवढ्यात आजारी मुलीच्या आईने हे ऐकवले. केसांना कालचीच वेणी, खांद्यावर टॉवेल, डोळे झोपेला आसुसलेले. आत पलंगावर तिची धाकटी लेक उशांना टेकून बसली होती. नाकात प्राणवायूची नळी, बोटाला चिमटा. रक्तात प्राणवायू किती आहे ते तो चिमटा सांगतो. आकडा खाली गेला किंवा चिमटा बोटावरून निसटला की उशाशी ठेवलेली छोटी पेटी किंचाळते आणि आईच्या काळजाचे पाणी होते.

"तीन मशिनं एकाच आजारानं आजारी पडत नाहीत," मी म्हणाले. "बघू काय भानगड आहे. तुम्ही अंघोळीला जा."

"मी गेले की नेमकं वाजतं."

"वाजू दे. मी आहे ना."

हॉस्पिटलात करण्यासारखे सगळे करून झाले की काही मुले घरी येतात, आणि नळ्या, औषधे, पेट्या हे सगळे आईबापांच्या गळ्यात पडते. अशा घरांत जाणे हे माझे काम. कूस कशी बदलायची, छातीतला कफ कसा ओढून काढायचा, घाबरायचे कधी आणि घाबरायचे नाही कधी, हे मी शिकवते. तोंडाने मी फटकळ आहे. ऑफिसात मला तिखट सिस्टर म्हणतात, आणि मला ते ठाऊक नाही असे त्यांना वाटते.

या घरातली गोष्ट सांगितली की लोक आधी एकच विचारतात, मग ती मुलगी वाचली का. नाही वाचली. तिचा आजार स्नायूंचा होता. आधी पाय गेले, मग श्वास दमायला लागला. तो सोडून जाणाऱ्यातला आजार नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होते. पण मला सांगायचे आहे ते वेगळेच. तिचे हात आणि जीभ शेवटपर्यंत शाबूत होते. जीभ तर जरा जास्तच. मी तिला राणीसरकार म्हणायचे.

घर दोन खोल्यांचे. बाप शाळेची बस चालवायचा, सकाळी जायचा, संध्याकाळी यायचा. थोरली लेक सातवीत होती, तिला सगळे ताई म्हणायचे. घरातला सगळा ओरडा तिच्या वाट्याला. पेला लवंडला, ताई. दप्तर दारात पडलं, ताई. धाकटीला मात्र तळहाताच्या फोडासारखे जपायचे. तिने आईचा चष्मा मोडला तेव्हाही आई म्हणाली, "असू दे हं सोन्या, जुनाच होता." नवा होता तो.

आई न्हाणीघरात गेली. मी खिडकीपाशी कापसाचे बोळे वळत बसले. आजारी मुलाकडे टक लावून बघत बसायचे नाही, ही माझी जुनी सवय. बघितलेले त्यांना आवडत नाही आणि न बघता जास्त दिसते. आतून तांब्याचा आवाज आला. राणीसरकारांनी एकदा माझ्याकडे पाहिले, एकदा न्हाणीघराच्या दाराकडे, आणि अगदी सराईतपणे बोटाचा चिमटा काढून उशीखाली सारला.

पेटी किंचाळली. न्हाणीघराचे दार धाडकन उघडले आणि अंगाला कशीबशी साडी गुंडाळून, डोळ्यांत साबण, डोक्यावर फेस, अशी ती बाई धावत आली.

"काय झालं? सोन्या, काय झालं?"

"काही नाही, चिमटा निसटला होता," मी म्हणाले. "जा, केस धुऊन या निवांत."

ती गेली. दार लागल्याचा आवाज आला तशी मी उठले.

"काय गं ए? काय चाललंय तुझं? चिमटा काढ बाहेर. बोटाला लाव. आधी लाव. आई फेस डोळ्यांत घेऊन पळत येते आणि तू मजा बघतेस? पाय घसरून पडली असती म्हणजे? आणि एखाद्या दिवशी खरंच वाजलं आणि मशीन खराब आहे म्हणून कोणी आलंच नाही, तर काय करशील? लाज नाही वाटत?"

तिने चिमटा लावला. ओठ थरथरले. आता रडणार, असे मला वाटले.

"तू मला ओरडलीस, सिस्टरमावशी."

"ओरडले. पुन्हा केलंस तर पुन्हा ओरडेन."

"खरंच?"

आणि ती हसली. पैज जिंकल्यासारखी हसली. मी इतकी वर्षे मुलांना रागावत आले, पण ओरडा खाऊन खूश झालेले पोर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिले.

"मला कोणीच ओरडत नाही," ती म्हणाली. "चष्मा मोडला, दूध ओतलं, बाबांच्या बसच्या किल्ल्या गादीखाली ठेवल्या. कोणीच नाही. रोज मशीन वाजवते, तर आई मशीनलाच नावं ठेवते. ताईला रोज ओरडा बसतो. मरणाऱ्या मुलांना ओरडत नाहीत ना?"

मी तिच्या बोटावरचा चिमटा नीट बसवला.

"मी ओरडले की तुला."

"तुला माहीत नसेल."

"मला सगळं माहीत आहे."

तिने माझ्याकडे नीट पाहिले. मग दुकानदाराशी घासाघीस करावी तशी म्हणाली, "मग आईला सांग ना ओरडायला. एकदाच. ताईला ओरडते तसं."

"चिमट्याचा खेळ बंद?"

"बंद."

"मग आईचं मी बघते," मी म्हणाले. म्हणायला काय जाते.

स्वयंपाकघरात आईने चहा टाकला होता. मी तिला सगळे सांगितले. ती ओल्या केसांनी तशीच उभी राहिली, आणि मग भडकलीच.

"तुम्ही तिला ओरडलात? आजारी पोरीला? जीभ कशी रेटली तुमची? उद्यापासून दुसऱ्या सिस्टर पाठवा म्हणून सांगते मी."

"सांगा. पण चहा टाकलाय तर पिऊनच जाईन."

ती एकदम खाली बसली, ओट्याला पाठ लावून. "राग मला येत नाही असं वाटतं का तुम्हाला? चष्मा मोडला तेव्हा असा राग आला होता. पण मी ओरडले आणि त्याच रात्री काही झालं तर? तिच्या कानात माझा शेवटचा आवाज तोच राहील."

मी चहा गाळला, तिच्या हातात कप दिला आणि तिच्याशेजारी फरशीवर बसले.

"आज सकाळी ताईला ओरडलात म्हणे."

"ओरडणार नाही तर काय. ओला डबा तसाच दप्तरात कोंबत होती."

"तेव्हा आला का हा विचार?"

"तिचं काय, ती संध्याकाळी घरी..."

चहावर साय धरेपर्यंत ती कपाकडे बघत राहिली.

"धाकटीला हा फरक कळतो?" तिने विचारले.

"तिला कान आहेत."

दुसऱ्या सिस्टरची मागणी काही ऑफिसात आली नाही. पेटीही गप्प झाली, आणि बाई दुपारी चांगली सावकाश न्हायला लागली. पण ओरडणे काही तिला जमेना. एकदा राणीसरकारांनी औषध मुद्दाम थुंकून टाकले. आई कमरेवर हात ठेवून उभी राहिली, श्वास घेतला आणि म्हणाली, "असं नाही करायचं हं बाळा."

राणीसरकारांनी माझ्याकडे पाहिले. "हे काय ओरडणं झालं?"

"नापास," मी म्हणाले. आईलाही हसू आले, पण डोळे भरले होते. मी ओरडत होतेच, दर खेपेला, हक्काने. पण परक्याचा ओरडा तो परक्याचा. त्याने पोट भरत नाही, हे मला कळत होते आणि त्या पोरीलाही. दिलेला शब्द माझ्या उरावर बसला होता.

मग एका संध्याकाळी मी त्यांच्या जिन्याला लागले, तर वरून आवाज आला.

"कार्टे, अक्कल आहे का तुला? अख्खी बाटली ओतलीस? चादर, उशी, मशीनसुद्धा सोडलं नाहीस? कालच धुतली होती गं मी ती चादर. माझे हात काय लोखंडाचे आहेत?"

"आई, अगं तिला काय ओरडतेस," हा ताईचा आवाज. "ती आजारी..."

"तू मध्ये बोलू नकोस. आजारी आहे म्हणून डोक्यावर मिऱ्या वाटणार का? ती नेलपॉलिशची बाटली हिच्या हाताशी ठेवली कोणी, तूच ना? थांब, तुझ्याकडे येतेच मी."

आणि मग रडणे. लहान, दमलेल्या श्वासाचे, पण अगदी अस्सल भोकाड. मी जागीच थांबले. सांगते तुम्हाला, मला इतका आनंद झाला की धरायला कठडा शोधावा लागला.

वरच्या पायरीवर बाप बसला होता, मांडीवर भाजीची पिशवी. कामावरून येऊन तो तिथेच बसला असावा. त्याने मला हळूच खूण केली.

"बेल नका वाजवू, सिस्टर. जरा होऊ दे."

मी त्याच्या खालच्या पायरीवर बसले. आत चादर ओढल्याचा आवाज, ताईची कुरकुर, आईचे चालूच. चष्म्याचा विषय निघाला. बसच्या किल्ल्यांचा निघाला. वर्षभराची थकबाकी होती, ती बाई सावकाश वसूल करत होती.

समोरचे दार उघडले. शेजारीण ओल्या हातांनीच बाहेर आली होती. तिच्या तोंडचे पाणी पळाले होते. त्या घरातून कोणत्या दिवशी कसला आवाज येणार, याची अख्ख्या इमारतीने मनात धास्ती घेतलेली होती.

"काय झालं हो?" तिने विचारले. "रडतंय कोण?"

"काही नाही, वहिनी," बाप म्हणाला. "धाकटीनं पसारा केलाय. तिची आई ओरडतेय तिला."

शेजारणीने पदराला हात पुसले, पण आत गेली नाही. दाराच्या चौकटीला टेकून तीही ऐकत उभी राहिली.